भाऊसाहेब, त्या बिल्ल्याबद्दल

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला दोन महिने उलटले. छायाचित्रे सर्वांच्या मोबाइलवर फिरून झाली, आणि आभारप्रदर्शनात ज्यांची नावे घ्यायची त्यांची घेऊनही झाली. त्या यादीत आपले, म्हणजे शाळेच्या कचेरीतल्या जुन्या लेखनिकांचे, नाव शेवटून दुसरे, मंडपवाल्याच्या जरा आधी आले. ते मला खटकले म्हणून, आणि त्या दिवशी आपल्यासमोर उभी राहिले तेव्हा शब्द फुटला नाही म्हणूनही, हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपल्याला हे फारसे आवडणार नाही, याची कल्पना आहे.

त्या सकाळी फाटकाशी मांडलेल्या टेबलावर मला नावाचा बिल्ला मिळाला. पांढऱ्या कार्डावर निळ्या शाईने माझे माहेरचे पूर्ण नाव आणि त्याखाली ‘प्रवेश : जून १९८०’. अशा मेळाव्यांत बिल्ल्यावर दहावीचे वर्ष घालण्याची रीत आहे. या वेळी मात्र डॉक्टर, ठेकेदार, अमेरिकेहून आलेले, अशा सगळ्यांच्याच छातीवर शाळेत पाऊल टाकल्याचे वर्ष होते. एकदोघांनी ‘अशाने बॅच कशी कळायची?’ अशी कुरकुरही केली. ती आपण शेजारी उभे राहून ऐकून घेतली आणि खुलासा केला नाहीत. खुलासा करायचा म्हणजे माझ्यासारख्यांकडे बोट दाखवावे लागले असते.

कारण मला दहावीचे वर्षच नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते आणि वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपाविषयी मुंबईच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीला तो पोस्टमनकडून कळला, कारण महिन्याच्या दहा-बारा तारखेला हमखास येणारी मनिऑर्डर आधी उशिरा येऊ लागली, मग निम्मी झाली आणि मग आलीच नाही. १९८३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आठवीच्या वर्गात परत गेले नाही. माझ्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांची विनंती’ असे लिहिलेले आहे, वर्तणूक ‘चांगली’. अक्षर उजवीकडे झुकलेले आणि शिरोरेघ शब्द संपल्यावरही बोटभर पुढे ओढलेली. आपण तेव्हा शाळेत नवे होता. चाळीस वर्षांनी तीच शिरोरेघ त्या बिल्ल्यावर, माझ्या नावाच्या पुढे ओढलेली दिसली, आणि बिल्ले छापून न घेता आपण रात्री बसून हाताने लिहिले आहेत, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

आता जे लिहिते आहे ते कोणाचा सूड म्हणून लिहीत नाही, पण गाळूनही चालणार नाही. २०११ साली आमच्या वर्गाने दहावीची पंचवीस वर्षे साजरी केली. कोणाकडून तरी कळले म्हणून मी नवी साडी नेसून गेले. यादी घेऊन बसलेल्या गृहस्थांनी माझे नाव वरून खाली दोनदा शोधले आणि म्हणाले, “ताई, इथे दहावी शहाऐंशीचीच नावं आहेत. पाहुण्यांच्या खुर्च्या मागे आहेत, तिथे बसा ना.” हे गृहस्थ तीन वर्षे माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वहीतली गणिते उतरवून घेत असत. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, आणि तेच अधिक लागले. मी कोकम सरबत घेतले, ग्लास धुवायच्या बादलीत ठेवला आणि घरी आले. तोवर मी मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन, दहावीचे तोंडही न पाहता, बी.ए. झाले होते. ते त्यांना सांगावे असे मात्र वाटले नाही. पदवी दाखवून शाळेत शिरायचे असेल, तर ती शाळा माझी कशी?

या वेळीही समितीचा विचार दहावीच्या याद्यांवरूनच आमंत्रणे धाडण्याचा होता, असे मला नंतर समजले. त्या बैठकीत आपण एवढेच म्हणालात म्हणे, “रजिस्टरला ज्याचा नंबर पडला, तो शाळेचा.” हे म्हणण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा १८६४ पासूनच्या आपल्या वाचन मंदिराची पुस्तके चिखलात गेलेली साऱ्या गावाने पाहिली. शाळेची रजिस्टरेही त्याच पाण्यात होती. आपण निवृत्त झालेले होता, स्वतःच्या घरात गुडघाभर गाळ होता, तरीही आपण व्हरांड्यात बसून पानांच्या मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालत आणि ओले झाले की बदलत होता, असे शिपाई सांगतात. माजी विद्यार्थ्यांनी त्या वर्षी शाळेला बाके दिली, संगणक दिले, त्यांचे फलकही लागले, आणि ते योग्यच झाले. पाने वाळवणाऱ्याचा फलक लावायची पद्धत नसते.

त्या वाळवलेल्या पानांतून माझ्याच तुकडीतले सातजण सापडले. दोघी लग्नामुळे सुटलेल्या, एक हॉटेलात कामाला गेलेला, एक आजारपणामुळे मागे राहिलेला. बाकीच्यांनी कारण सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. दुपारी जेवणाच्या पंगतीत आम्ही इतरांमध्ये मिसळून बसलो होतो. ‘तू कुठल्या तुकडीत?’, ‘तुला शिकवायला कोण होतं?’ असे प्रश्न आले, त्यांची उत्तरे आमच्याकडे होती. ज्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, तो बिल्ल्यामुळे कोणाच्या ओठांवरच आला नाही. माणसाला मदत करणारे पुष्कळ भेटतात, भाऊसाहेब. पण आपल्याला मदत झाली आहे हे चारचौघांत त्याच्या लक्षातही आणून न देण्याइतकी समज असलेले फार थोडे. मागच्या पिढीत अशी माणसे जास्त होती असे म्हणायचा मोह होतो, पण २०११ ची ती यादीही आमच्या पिढीनेच केली होती, तेव्हा ते राहू द्या.

मेळाव्यानंतर समितीने ठरवले आहे, ते आपल्या कानावर आले असेलच. ज्यांची दहावी राहिली आहे त्यांना राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसवायचे आणि रविवारी शाळेतच शिकवायचे. मराठी मी घेणार आहे. गणिताला त्या यादीवाल्या गृहस्थांनी आपणहून नाव दिले आहे. उत्तरे ते आता स्वतः काढतात, असे गृहीत धरते. सध्या दोघी तयार झाल्या आहेत. त्यांतल्या एकीला अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आहे आणि तिचा दाखला पुरात गेला. दुसरी प्रत काढायला आम्ही सोमवारी अकरा वाजता शाळेत जाणार आहोत. तिच्या वर्षाचे रजिस्टर कोणत्या कपाटात आहे हे नव्या भाऊसाहेबांना सापडले नाही, तर आपल्याला फोन करीन.

आपली कृतज्ञ,
शाळेची एक विद्यार्थिनी
प्रवेश : जून १९८०