भाडेकरूंनाही समितीत जागा द्या

महोदय,

आमच्या वस्तीच्या रहिवासी संघाची मी बरीच वर्षं चिटणीस आहे. पार्किंगचा विषय असला की सभेला खुर्च्या पुरत नाहीत. वाचनालयाचा असला की गणसंख्येअभावी सभा तहकूब करावी लागते. त्याची आता सवय झाली. खटकतं ते वेगळंच. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज संध्याकाळी फोन करणारी मुलं, सगळ्यांसाठी ठेवलेल्या शिडीची आणि ड्रिल मशीनची नोंदवही सांभाळणाऱ्या बाई, सुट्टीत बुद्धिबळ शिकवणारा तरुण, हे सगळे भाडेकरू. आणि वार्षिक सभेची नोटीस निघते फक्त मालकांच्या नावे! काही मालक तर वर्षानुवर्षं इकडे फिरकलेले नाहीत (त्यांच्या दारावरच्या पाट्या मात्र चकचकीत असतात). ‘भाडेकरू आज आहे, उद्या नाही’, असं ऐकवलं जातं. असेल. पण फोन आजच करायचा असतो ना? इमारतीच्या मोठ्या खर्चावर मालकांनीच मत द्यावं, त्याबद्दल वाद नाही. उपक्रम समितीत मात्र भाडेकरूंना जागा आणि मत दोन्ही हवं. येत्या सभेत तसा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक मिळाले आहेत, तेही घरमालकच.

– रहिवासी संघाची एक चिटणीस