केबल काढू नकोस रे, थांब

प्रिय मित्रा,

परवा फोनवर फार तापला होतास, पोरगी पुस्तकाला हात लावत नाही म्हणून केबलच काढून टाकतो म्हणे. थांब जरा, आमच्याकडचा किस्सा ऐक.

आमचे चिरंजीव दहा वर्षांचे, पुस्तक दिसलं की पोटात दुखतं. भा. रा. भागवतांचे फास्टर फेणे हौसेने आणले होते, सहा महिने धूळ खात पडले. मग एका रविवारी काही न बोलता २०१७ चा अमेय वाघचा सिनेमा लावला. त्यात फेणे मोठा झालाय, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलाय, आणि गंमत म्हणजे दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत झालेत. पोराने मधेच पॉज केलं, "बाबा, हे आजोबा खरे होते?" म्हटलं होते की, आणि त्यांचा खरा फेणे तुझ्यासारखा शाळेत जाणारा, आपल्या फुरसुंगीचा. आम्ही हडपसरला, त्याला फुरसुंगी म्हणजे फक्त कचरा डेपो माहीत! तिथला हिरो म्हटल्यावर साहेबांनी रात्री स्वतःहून पुस्तक काढलं. आता दिवसभर फेणेसारखं ट्टॉक ट्टॉक चालू असतं, बायको वैतागलीये, आणि सिनेमावाल्यांनी काय काय बदललं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवतो. मला वाटतं त्याला खरी मजा यातच येते, की सिनेमापेक्षा आपल्याला जास्त माहितीये.

पुढे मात्र मी माती खाल्ली. तेच प्रभावळकर आजोबा बोक्या सातबंडेचे लेखक आहेत कळल्यावर तो उडालाच, आणि मी शहाणपणा करून म्हटलं, आधी पुस्तक संपव मगच सिनेमा. झालं, पुस्तकाचा होमवर्क झाला. भराभर पानं उलटली, "वाचलं, लावा आता". काय वाचलं विचारलं तर तोंडाला कुलूप.

आपण तरी काय वेगळे होतो रे? दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे बघूनच लायब्ररीत पळालो ना, तेव्हा कुणी सांगितलं होतं वाचा म्हणून?

तर केबल राहू दे. दिवाळीत पोरीला घेऊन इकडेच ये, सिनेमा परत लावू. पुस्तकं समोर दिसतील अशी टाकून ठेव, पण "वाच" म्हणू नकोस हां. आणि माझा एक फेणे तुझ्याकडे आठवीपासून आहे, तो घेऊन ये, चिरंजीव रोज विचारतात.

तुझाच,
हडपसरकर