बाबा, गाडी खालून बघितलीय

ति. बाबा आणि आई, सा. न.

परवा आई फोनवर "काय गं, भंगार गाडी घेतेयस म्हणे" असं म्हणाली तेव्हाच कळलं की जावईबापूंनी चुगली केलीय. म्हणून सगळं नीट लिहूनच पाठवते, कारण फोनवर बाबा गॅरेजच्या गोष्टी सुरू करतात, आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहतोच.

तर गाडी आहे रोव्हर पी५बी, सलून (म्हणजे सेडान), १९७१ची. इथेच इंग्लंडमध्ये सॉलिहलच्या कारखान्यात बनलेली, जिथे आता रेंज रोव्हर बनतात. आई, तू ही गाडी टीव्हीवर नक्की बघितली असशील, थॅचरबाई १९७९ला पंतप्रधान झाल्या तेव्हा डाउनिंग स्ट्रीटवर याच मॉडेलमधून उतरल्या. गंमत म्हणजे गाडीचं उत्पादन १९७३लाच बंद झालं होतं, पण सरकारने शेवटचा लॉट विकत घेऊन गोडाऊनमध्ये ठेवून दिला आणि लागेल तशा एकेक काढून वापरल्या, म्हणजे मंत्र्यांनाही ती सोडवेना. राणीकडेही एक होती, ती आता गेडन गावातल्या मोटारींच्या म्युझियममध्ये आहे, तुम्ही आलात की दाखवते.

बाबा, आता तुमच्यासाठी. इंजिन व्ही८, साडेतीन लिटर, अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं. मूळचं अमेरिकेतल्या ब्युइकचं, त्यांनी बंद केलं होतं. रोव्हरचे एमडी मार्टिन-हर्स्ट तिकडे मर्क्युरी मरीन नावाच्या बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत गेले होते, तिथे त्यांना हे दिसलं आणि त्यांनी ब्युइकच्या मालक कंपनीकडून, जनरल मोटर्सकडून, हक्कच घेऊन टाकले. आधीच्या लोखंडी सहा सिलिंडरवाल्यापेक्षा बरंच हलकं आणि ताकद जास्त. पुढे हेच इंजिन रेंज रोव्हरला, एमजीला, मॉर्गनला लागलं, २००० नंतरही बनत होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट आजही सहज मिळतात. "पार्ट कुठून आणणार" हा तुमचा पहिला प्रश्न इथेच मिटला. सस्पेन्शनला पुढे टॉर्शन बार (पिळणारी स्प्रिंगची सळई), मागे पाटे, म्हणजे तुम्ही जन्मभर ज्या अ‍ॅम्बॅसेडरखाली झोपून काम केलंत तिचाच हिशोब.

मालक रिटायर्ड मास्तर आहेत, ऐंशीच्या पुढचे, मुलांना गाडी नकोय म्हणून विकतायत. गेल्या गेल्या चहा, बिस्किटं आणि गाडीची फाईल. फाईल म्हणजे काय, बिलं तारखेप्रमाणे लावलेली आणि शिवाय एक वही, त्यात पेन्सिलीने प्रत्येक ऑइल चेंजची तारीख आणि मैल. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला पासिंगची सक्ती नाही, रोड टॅक्सही शून्य, तरी हा माणूस दरवर्षी पासिंग करून घेतो! मला तर तिथेच निम्मी गाडी पटली.

पण भुलले नाही हां. आधी ऑइल फिलरचं झाकण काढून बघितलं, आत काळा चिखल नाही. या इंजिनाला ऑइल वेळेवर बदललं नाही की कॅमशाफ्ट आणि हायड्रॉलिक टॅपेट झिजतात, आणि कूलंटच्या जागी नुसतं पाणी घातलं की अ‍ॅल्युमिनियम आतून सडतं. मग थंड इंजिन चोक ओढून चालू करायला लावलं, आधी जरा खाकरलं आणि मग असं शांत झालं की बोनेटवर हात ठेवून बघावं लागलं चालू आहे का. मग फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं (आधी खिशात घालून नेलं होतं, मास्तर हसले) आणि खालच्या पट्ट्यांवरून फिरवलं, कुठे पुट्टी भरलीय का बघायला. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ना, त्याने पत्रा खालून गंजतो आणि वरून पेंट मात्र चकाचक. मॅग्नेट सगळीकडे चिकटलं. फक्त मागच्या डाव्या पाट्याचा हँगर जिथे बॉडीला बसतो तिथे जुनं वेल्डिंग दिसतंय, या मॉडेलमध्ये तिथे गंज लागतोच म्हणतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत, झूम करून बघा.

आणि डॅशबोर्डखाली एक ट्रे आहे, ओढला की बाहेर येतो, त्यात गाडीसोबत आलेली हत्यारं, प्रत्येक पान्याला आपापली जागा. एकही हरवलेला नाही. बाबा, तुमच्या गॅरेजमध्ये तेरा नंबरचा पाना कधी जागेवर सापडलाय का?

जावईबापूंचं म्हणणं एवढेच पैसे घालायचे तर जॅग्वार घे नाहीतर रोल्सच घे. जुनी सिल्व्हर शॅडो खरंच या भावाच्या आसपास मिळते, पण ती घ्यायला स्वस्त आणि पोसायला हत्ती, तिची ब्रेकची हायड्रॉलिक्स एकदा बिघडली की माणूस भिकेला लागतो. जॅग्वार मार्क टू देखणी आहे पण तिच्या नावाचे पैसे मोजावे लागतात. रोव्हरला कोणी फारसं विचारत नाही, म्हणूनच मला ती परवडते.

आई, पैशाचं सांगते, पण रुपयांत गुणाकार करत बसू नकोस. मास्तर चौदा हजार पौंड म्हणतायत, मी बारावर अडलेय. पैसे माझ्या बोनसचे आहेत, घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही. इन्शुरन्स क्लासिक गाड्यांचा असतो, कमी मैल चालवायची अट पण हप्ताही कमी. अ‍ॅव्हरेज मात्र विचारू नका, लिटरला सात किलोमीटरच्या आसपास. रोज ऑफिसला थोडीच न्यायचीय, रविवारची गाडी आहे. पेट्रोलही इथे महागातलं ई५ (जास्तीत जास्त पाच टक्के इथेनॉलवालं) घालावं लागेल कारण इथेनॉल जास्त झालं की जुने रबरी पाइप खराब होतात, तुमच्याकडे ई२०वरून जी बोंबाबोंब चाललीय तेच.

मास्तरांनी पुढच्या शनिवारपर्यंत गाडी थांबवून ठेवलीय. बाबा, त्या वेल्डिंगचं तेवढं सांगा, वरून तुकडा मारलाय की जुना पत्रा कापून नवीन बसवलाय, मला फोटोवरून कळत नाहीये. तुम्ही "सोड" म्हणालात तर भाव आणखी पाडीन, सोडणार नाही हे आत्ताच सांगते.

तुमची,
चिमी

ता. क. आई, मागची सीट लेदरची आहे आणि पाय पसरून बसता येतं. मे महिन्याची तिकिटं बघतेय, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.