ताई, तुम्ही फक्त त्याच्या बाजूने होतात, खूप खूप थँक्यू

ताई, तुमचं नाव लिहीत नाही, भाच्याची ओळख उघड व्हायला नको म्हणून. वाचाल तेव्हा कळेलच तुम्हाला.

मुलांची तस्करी करणाऱ्यांच्या तावडीतून त्याची सुटका झाली तेव्हा वाटलं संपलं एकदाचं, पण खरी धावपळ पुढेच होती. पोलिसांना जबाब हवा, वकिलांना केस, संस्थेला रिपोर्ट, आणि आम्हा घरच्यांना तो पटकन पहिल्यासारखा व्हायला हवा. ज्याचं त्याचं काम, कुणाला दोष नाही देत, पण तुला काय हवंय बाळा हे विचारणारं कोणी नव्हतं. तुम्ही विचारलंत, आणि तो गप्प बसला तर गप्प बसू दिलंत. त्याला नेणारी माणसंही गोड बोलणारी, ओळखीचीच होती ना, मग त्याने अजून एका मोठ्या माणसावर विश्वास का ठेवावा? तुम्ही सांगितल्या वेळेला येत राहिलात, जे जमणार नाही ते तोंडावर सांगितलंत, त्यानेच तो बोलायला लागला.

त्याने एकच धरून ठेवलं होतं, मी स्वतःच गेलो, उचल घेतलीये, फेडायलाच पाहिजे. परत पळून जातो की काय याची आम्हाला सारखी धास्ती. तुम्ही शांतपणे समजावलंत की संयुक्त राष्ट्रांच्या मानवी तस्करीविरुद्धच्या 2000 च्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे देशादेशांमधल्या करारात, स्पष्ट आहे, 18 वर्षांखालच्या मुलाला शोषणासाठी नेलं तर ती तस्करीच, मग तो हो म्हणाला असेल, कुणी मारलं-धमकावलं नसेल तरीही. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला.

आणि तो दुभाषी! पोरगं त्याच्यासमोर तोंड उघडत नव्हतं, सगळे म्हणाले सहकार्य करत नाही, तुम्हीच ओळखलंत की तो माणूस त्या लोकांच्या ओळखीचा असेल अशी भीती बसलीये, आणि दुसरा आणायला लावलात. तीच कहाणी प्रत्येक ऑफिसात नव्याने सांगायला लागू नये म्हणून किती भांडलात तेही पाहिलंय मी.

ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यात अशा मुलांसाठी स्वतंत्र ॲडव्होकेटची तरतूद आहे असं नंतर वाचलं, म्हणजे कोर्टातला वकील नव्हे, तर तुमच्यासारखं फक्त मुलाच्या बाजूने उभं राहणारं माणूस. प्रत्येक मुलाला, कुठेही असो, असं माणूस पहिल्या दिवसापासून मिळायलाच हवं, कारण सुटकेनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांतच मुलं परत गायब होण्याचा धोका फार असतो.

पुढच्या तारखेला तुम्ही शेजारी बसायला हव्यात, असं त्यानेच वकिलांना सांगितलंय, आमच्यापैकी कुणीही न सुचवता. याल ना?

तुमची,
त्याची मावशी