आलिशान गाडीत चढायचं कसं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला जुन्या आलिशान रेल्वेगाड्यांवरचा लेख वाचला. लाकडावरची नक्षी, पितळी दिवे, भोजनयानातली चकचकीत काटे-चमचे मांडलेली टेबलं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. वाचताना मनात एकच प्रश्न घोळत होता: या डब्यात चढायचं कसं? त्यावर लेखात एक ओळही नव्हती. या गाड्यांच्या जाहिरातींतही ती सहसा सापडत नाही.

अशा प्रवासाची हौस अनेकांची निवृत्तीनंतर पुरी होते, किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला. तोवर कुणाचे गुडघे बदललेले असतात, कुणाला पार्किन्सन्स असतो, कुणी पक्षाघातातून सावरत असतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी बरेच जण व्हीलचेअर वापरत नाहीत. ते चालतात, पण पायरी किती उंच आहे आणि धरायला काय आहे हे आधी कळलं तरच घराबाहेर पडायची हिंमत करतात.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: डबे ऐतिहासिक आहेत, त्यांना हात लावता येत नाही. हे मला पटत नाही. युरोपातली व्हेनिस सिंप्लॉन ओरिएंट एक्स्प्रेस ही आलिशान गाडी घ्या. उद्योजक जेम्स शेरवूड यांनी १९७७ मध्ये माँटे कार्लोच्या लिलावात दोन जुने डबे विकत घेतले, आणखी डबे शोधून डागडुजी करून घेतली आणि १९८२ मध्ये गाडी सुरू केली. त्या शयनडब्यांच्या केबिनमध्ये फक्त वॉशबेसिन होतं. शौचालय बोळाच्या टोकाला आणि शॉवर नाहीच. २०१८ मध्ये याच गाडीत 'ग्रँड स्वीट' नावाचे ऐसपैस कक्ष आले, प्रत्येकाला स्वतंत्र बाथरूम आणि शॉवर. स्कॉटलंडमधल्या रॉयल स्कॉट्समन गाडीला २०१७ मध्ये स्पाचा डबा जोडला गेला. पाहुण्यांच्या सुखासाठी आतली रचना बदलता येते, तर एखाद्या केबिनचं दार रुंद करताना आणि शौचालयात आधाराचे दांडे बसवतानाच वारसा आडवा का यावा?

अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्यात ऐतिहासिक डब्यांना सूट आहे. डबा किमान ३० वर्षं जुना हवा, बनवणारी कंपनी आता प्रवासी डबे बनवत नसावी, अशा अटी आहेत. पण ती सरसकट माफी नाही. बदलामुळे डब्याचं ऐतिहासिक स्वरूप लक्षणीय बिघडेल किंवा सुरक्षेचा नियम मोडेल, तेवढ्यापुरतीच ती आहे. बाकीची जबाबदारी शिल्लक राहते. मला ही भूमिका रास्त वाटते.

काही गोष्टी खरोखरच बदलता येत नाहीत, हेही मान्य. रुळांलगतच्या बांधकामांमुळे डब्याच्या रुंदीला मर्यादा असते, त्यात केबिन बसवल्यावर उरतो तो चिंचोळा बोळ. नेहमीची व्हीलचेअर तिथे अडकते. पण विमानात वापरतात तशी चाकांची अरुंद खुर्ची गाडीत ठेवता येईल. भोजनयानाला लागून असलेली केबिन अशा प्रवाशासाठी राखता येईल, म्हणजे हलत्या गाडीत डब्यांमधले सांधे ओलांडत जावं लागणार नाही. शिडी चढून वरच्या बर्थवर जाणं ज्याला शक्य नाही, त्याला खालचा बर्थ आरक्षणाच्या वेळीच पक्का मिळावा.

दाराजवळच्या दांड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चुकतं ते इथेच. पक्षाघातात ज्याची डावी बाजू गेली आहे, तो उजव्या हाताने दांडा धरून चढतो. उतरताना तोंड बाहेर असतं, त्यामुळे तोच दांडा आता डावीकडे येतो आणि निकामी हाताला तो धरता येत नाही. म्हणून दांडा दोन्ही बाजूंना हवा. हवा तर पितळेचा करा, डब्याला शोभेल. आणि मदतीला धावणाऱ्या कर्मचाऱ्यांना एवढं शिकवाच, की अशा माणसाला काखेत हात घालून वर ओढायचं नाही. लुळ्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो, तो निखळू शकतो. आधी त्यालाच विचारायचं, 'कुठे धरू?'

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात, कलम ३० मध्ये, विरंगुळा आणि पर्यटन यांचाही समावेश आहे. दवाखान्यात आणि कचेरीत पोहोचता आलं की अपंग माणसाच्या गरजा संपल्या, असं तो करार मानत नाही. मीही मानत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायाम करताना रुग्ण कळवळतात, तेव्हा मी त्यांना 'बरं झाल्यावर कुठे जायचंय?' असं विचारते. उत्तरात कचेरी क्वचितच येते.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे अशा गाडीवर लेख छापाल तेव्हा सोबत एक छोटी चौकट द्या: पायऱ्या किती आणि किती उंच, दाराची आणि बोळाची रुंदी किती, शौचालय केबिनपासून किती लांब, खालचा बर्थ राखून मिळतो का. गाडी चालवणाऱ्यांकडे ही मापं असतातच. त्यांनी ती दिली नाहीत, तर मागूनही मिळाली नाहीत असं त्याच चौकटीत छापा.

आपली,
एक नियमित वाचक