सावलीतलं रोप एकदम उन्हात नेऊ नका

महोदय,

जून लागला की आमच्या रोपवाटिकेवर टेम्पो यायला लागतात. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्यामुळे शाळा, ग्रामपंचायती, मंडळं सगळ्यांना त्याच आठ दिवसांत रोपं हवी असतात. २२ वर्षं मी हे काम करते आहे. येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले : उंची किती, दर काय, पोच कधी. ‘हे रोप उन्हात ठेवलेलं आहे का?’ असं आजवर दोघा-तिघांनीच विचारलं असेल. सगळ्यात आधी विचारायला हवं ते हेच, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी एका संस्थेने माझ्याकडून करंज आणि जांभळाची २०० रोपं घेतली. मी सांगितलं होतं, ही सावलीच्या जाळीखालची आहेत, पंधरा दिवस बाहेर काढून ठेवते, मग न्या. पण कार्यक्रमाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते. रोपं गेली आणि माळावर लागली. आठवडाभर आभाळ होतं तोवर सगळं छान दिसलं. मग पावसाने उघडीप दिली, लख्ख ऊन पडलं आणि चौथ्या दिवशी फोन आला : तुमच्या रोपांवर रोग आहे.

मी जाऊन पाहिलं. करंजाच्या पानांवर जिथे ऊन थेट पडत होतं तिथे आधी पांढुरके, मग तपकिरी चट्टे उठले होते. एका ठिकाणी एक पान दुसऱ्यावर आलं होतं. वरचं उचललं, तर खालच्या पानावर बरोबर त्याच आकाराचा भाग हिरवागार राहिलेला. बुरशी अशी सावली बघून जागा सोडत नाही. हे ऊन लागलेलं होतं. तोवर त्यांनी दोनदा बुरशीनाशक मारलं होतं आणि पाणी दुप्पट केलं होतं.

आमची हिरवी जाळी ७५ टक्क्यांची आहे, म्हणजे उन्हाचा जेमतेम चौथा हिस्सा आत येतो. एवढ्याशा उजेडात वाढणारं पान मोठं, पातळ आणि गर्द होतं. मिळेल तो उजेड धरायचा म्हणून ते हरितद्रव्यावर भर देतं. उघड्यावरचं पान लहान आणि जाड असतं, त्यात खांबासारख्या उभ्या पेशींचे जास्त थर असतात आणि हवेतला कर्ब धरणारी यंत्रणाही जास्त असते. सावलीतल्या पानाचं प्रकाशसंश्लेषण थोड्याच उजेडात कमाल गाठतं. त्याहून जादा ऊन त्याला वापरता येत नाही आणि न वापरलेली ती ऊर्जा पानालाच इजा करते.

पान काहीच करत नाही असं नाही. ऊन वाढलं की पेशीतले हरितलवक, म्हणजे हरितद्रव्याचे कण, सरकून कडेच्या भिंतींना लागतात, एकमेकांच्या आडोशाला उभे राहतात. काही पिवळी रंगद्रव्यं मिनिटांत रूप बदलून जादा ऊर्जा उष्णता करून बाहेर टाकायला लावतात. उन्हाने मोडलेली प्रथिनं पान पुन्हा घडवत राहतं. ढग आला, ढग गेला, एवढ्याला हे पुरतं. पण पूर्ण वाढलेलं पान नव्याने जाड होत नाही. उन्हाला पुरून उरणारं पान नवंच यावं लागतं, आणि त्याला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

माझ्या माहेरी, आरगला, विड्याच्या पानांचा मळा होता. वेलीला आधार आणि सावली देणाऱ्या शेवरीची छाटणी वडील कधीच एका दमात करायचे नाहीत. निम्म्या फांद्या आज, निम्म्या पंधरा दिवसांनी. एकदम उघडा पडला तर वेल भाजतो, म्हणायचे. पेशी आणि रंगद्रव्यं मी खूप नंतर वाचली.

१९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला तो पावसाळ्यात, आणि ते योग्यच आहे. ढगाळ हवेत रोपाला सवय व्हायला वेळ मिळतो. पण आमच्या मिरजेच्या पूर्व भागात ढगांचा भरवसा नाही. म्हणून रोपं घेणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, मागणीपत्रात नुसती उंची लिहू नका. ‘किमान तीन आठवडे टप्प्याटप्प्याने उन्हात आणलेली रोपं’ अशी अट घाला. आधी सकाळचं ऊन, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. जाळीखाली उंच, लुसलुशीत रोप तयार करणं आम्हाला सोपं जातं, कारण उजेडाच्या ओढीने ते लांबतंच. तुम्ही शेंड्याची पानं चिमटीत धरून बघा. ती जाड लागली आणि पेरं जवळजवळ असली, तर खालची चार पानं पिवळी दिसली तरी तेच रोप घ्या.

आणि पानं जळाली म्हणून रोप उपटू नका. खोडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. फवारणी नको, पाण्याचा मारा नको, दुपारपुरती गोणपाटाच्या आडोशाने सावली करा.

त्या माळावरची बहुतेक रोपं उपटून टाकली गेली. कुंपणालगतची तीसेक तेवढी राहून गेली होती. दिवाळीत मी मुद्दाम गेले. जळकी पानं खाली तशीच लोंबत होती आणि त्यांच्या वर प्रत्येक शेंड्याला लहान, जाड, चकचकीत पानं आली होती.

– एक रोपवाटिकाचालक, ता. मिरज