घरचे पासवर्ड एकट्याच्या डोक्यात नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पासवर्ड कुणालाही सांगू नका, कुठेही लिहून ठेवू नका' ही सूचना आपण सारेच बँकेच्या संदेशांत, पोलिसांच्या फलकांवर आणि फसवणुकीच्या बातम्यांखाली नेहमी वाचतो. परक्या माणसाच्या बाबतीत ती अगदी योग्य आहे. परंतु घरचे सगळे व्यवहार पाहणारी व्यक्ती एकाएकी आजारी पडली, तर बाकीच्यांनी काय करावे, याबद्दल ही सूचना काहीच सांगत नाही. तो प्रसंग आमच्या घरावर गेल्या वर्षी आला, म्हणून हे पत्र.

गेल्या श्रावणात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि वाचा गेली. वीजबिल, गॅस, घरपट्टी, आरोग्य विमा, प्राप्तिकराचे विवरणपत्र, रेल्वेची तिकिटे असे घरातले सारे त्यांच्या लॅपटॉपवरून आणि त्यांच्याच ई-मेलवरून चालत असे. त्यांची एक डायरी आहे, हे आम्हाला माहीत होते. त्यामुळे रुग्णालयाने विम्याचे कागद मागितले तेव्हा मी निर्धास्तपणे घरी येऊन ती उघडली. रेखीव अक्षरात, ओळीने प्रत्येक संस्थेचे नाव होते आणि त्यापुढे लिहिले होते 'नेहमीचा'. काही ठिकाणी 'नेहमीचा, पहिले अक्षर मोठे', तर विम्यापुढे 'नेहमीचा, शेवटी एक जादा'. तो नेहमीचा म्हणजे कोणता, हे मात्र डायरीत कुठेच नव्हते, कारण पासवर्ड लिहून ठेवायचा नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे पाळले होते. आम्ही अंदाजाने चार-पाच वेळा प्रयत्न केला आणि खाते बंद झाले. नवा पासवर्ड मागवला, तर त्याचा दुवा त्यांच्या ई-मेलवर गेला आणि त्या ई-मेलचा पासवर्डही 'नेहमीचा'च होता. वडिलांना सगळे समजत होते, सांगायचेही होते, आणि शब्द फुटत नव्हता. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. पुढे लेखी अर्ज करून काम झाले, पण त्यात तीन आठवडे गेले.

त्यानंतर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारे आणि ज्या-त्या संकेतस्थळावर ते आपोआप भरणारे अ‍ॅप, वापरायचे, असे आम्ही ठरवले. अडचण होती ती घरातल्या उपकरणांची. वडिलांचा लॅपटॉप विंडोजचा, आईचा आणि माझा फोन अँड्रॉइडचा, तर पुण्यातल्या भावाकडे आयफोन. भावाने आधी आयफोनबरोबर येणाऱ्या अ‍ॅपलच्या 'पासवर्ड्स' या मॅनेजरमध्ये सगळे भरून ठेवले. ती सोय चांगली आहे, पण तिचे अ‍ॅप अँड्रॉइडवर नाही आणि तिच्यातला सामायिक गटही अ‍ॅपलची उपकरणे असणाऱ्यांचाच होतो, त्यामुळे आईला त्याचा उपयोग शून्य. गूगलच्या मॅनेजरमध्ये कुटुंबाच्या गटातल्या व्यक्तीला पासवर्ड पाठवता येतो, परंतु तिला त्याची प्रत मिळते. उद्या तो बदलला की पुन्हा पाठवणे आले. कीपास हा विनामूल्य मॅनेजर मला मनापासून आवडला, कारण त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये आपल्याच हाती राहतात. मात्र ती फाइल चार उपकरणांवर सारखी ठेवण्याचे काम आपणच करायचे असते, आणि दोघांनी एकाच वेळी बदल केला तर तिच्या दोन आवृत्त्या होतात. शेवटी आम्ही बिटवॉर्डन हा मॅनेजर घेतला, कारण तो या सर्व उपकरणांवर चालतो आणि त्याच्या कुटुंबासाठीच्या योजनेत सहा जणांना जागा आहे. मला कोणत्याही कंपनीची जाहिरात करायची नाही. घरात एकाच जातीची उपकरणे असतील, तर त्यांच्यासोबत येणारी सोयही पुरेशी आहे.

यात एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सगळ्यांनी मिळून एकच खाते वापरायचे नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे, ते उघडण्याचा मुख्य पासवर्ड वेगळा, आणि घराच्या कामाच्या नोंदींपुरता एक सामायिक कप्पा. आईचे फेसबुक आणि ई-मेल तिच्याच कप्प्यात आहेत आणि ते मुलांना दिसता कामा नयेत, असे मला ठामपणे वाटते. सामायिक कप्प्यात वीज, गॅस, घरपट्टी, वायफाय, विमा, रेल्वे आणि भाचीच्या शाळेचे अ‍ॅप एवढेच आहे. घरपट्टीचा पासवर्ड मागच्या महिन्यात भावाने पुण्यात बसून बदलला आणि तो आईच्या फोनवर आपोआप आला. पूर्वी हेच काम कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर होत असे, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा व फोटो यांच्यामध्ये ते पासवर्ड वर्षानुवर्षे उघडे पडून राहत.

मुख्य पासवर्ड ठरवताना मराठी माणसाने थोडी काळजी घ्यावी. आईने रोजच्या बोलण्यातले, एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द निवडले, पण ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे म्हटल्यावर 'आ'साठी एक 'ए' की दोन, 'व'साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', यावरून ती दोन दिवसांत तीनदा अडली. शिवाय तिचा कीबोर्ड नेहमी मराठीवर असतो. म्हणून स्पेलिंग एकदाच पक्के करून ते तिने कागदावर लिहिले आणि पाकीट बंद करून कपाटात घराच्या खरेदीखताजवळ ठेवले. हा मुख्य पासवर्ड कंपनीकडे नसतो, त्यामुळे तो विसरल्यावर कंपनी परत देऊ शकत नाही. तो कागदावर असणे हा निष्काळजीपणा नव्हे.

सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवणे धोक्याचे नाही का, असे माझ्या सहकारी शिक्षिकांनी विचारले. शंका रास्त आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीकडून ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण ते कुलूप किती दणकट, हे ज्याच्या-त्याच्या मुख्य पासवर्डवर अवलंबून होते. तरीही एकच 'नेहमीचा' पासवर्ड वीस ठिकाणी वापरण्यातला धोका मला याहून मोठा वाटतो, कारण त्या विसांपैकी एक जागा फुटली तरी उरलेल्या एकोणीस उघड्या पडतात. आणखी एक फायदा आम्ही प्रत्यक्ष पाहिला. 'आज रात्री वीज तोडली जाईल' असा संदेश आईला आला आणि तिने घाबरून त्यातला दुवा उघडला. पान हुबेहूब वीज कंपनीसारखे होते, पण संकेतस्थळाचा पत्ता वेगळा असल्याने मॅनेजरने पासवर्ड पुढे केलाच नाही. 'आज हा भरत का नाही?' असे विचारायला तिने मला फोन केला आणि पुढचा अनर्थ टळला.

बँकेचे पासवर्ड, एटीएम व यूपीआयचे पिन आणि ओटीपी मात्र सामायिक कप्प्यात कदापि ठेवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने आपली अशी गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्यालाच सोसावे लागते. तेथे संयुक्त खाते आणि प्रत्येक खातेदाराचे स्वतंत्र लॉगिन, हाच सरळ मार्ग आहे.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी संकेतस्थळे यांच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करण्यास घातलेली बंदी उठवावी. आमच्या ओळखीच्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर आईला सोळा अक्षरे फोनवर पाहून लॅपटॉपवर एकेक करून टंकावी लागतात, आणि दर तीन महिन्यांनी ती बदलावीही लागतात. अशाने माणसे छोटा, सोपा पासवर्ड ठेवतात आणि शेवटी एक आकडा वाढवत जातात. वडिलांच्या डायरीतला 'एक जादा' तिथूनच आलेला आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच पेस्टची मुभा द्यावी आणि कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, अशी शिफारस केली आहे.

दुसरी मागणी ओटीपीसंबंधी आहे. पासवर्ड सापडला तरी ओटीपी वडिलांच्याच क्रमांकावर जातो, आणि ते रुग्णालयात असताना त्यांचा बंद फोन माझ्या पिशवीत होता, ज्याचे कुलूपही आम्हाला उघडता येत नव्हते. आज त्यांचे सिम आईच्या फोनमध्ये घातले आहे, पण ही आमची तात्पुरती व्यवस्था झाली. वीज, गॅस, घरपट्टी आणि विमा यांसारख्या घरगुती सेवांमध्ये खातेदाराच्या संमतीने कुटुंबातल्या आणखी एका व्यक्तीचा मोबाइल क्रमांक नोंदवण्याची सोय अर्जातच असावी, आणि ती खातेदार धडधाकट असतानाच भरून घेतली जावी.

आपली नम्र,
एक शिक्षिका, सातारा